मंडळींचा स्वतःचा चेंडू

आमच्या पंख्यांच्या कारखान्यात एका माणसाला सगळे 'मंडळी' म्हणायचे. माणूस एकच, आणि तोही अंगाने असा की हजेरी घेणाऱ्याने डोळे किलकिले केल्याशिवाय दिसू नये. पण नाव मंडळी. 'मंडळी आले का?' 'मंडळी जेवायला बसलेत.' 'मंडळींना सर्दी झालीय.' नवा लागलेला कामगार पहिले काही दिवस चक्रावून जायचा. मंडळींना सर्दी झालीय म्हटल्यावर साथ आलीय असं समजून नाकाला रुमाल लावायचा. हिशेब खात्यातल्या एका व्याकरणप्रेमी गृहस्थांनी 'मंडळी आले' हे चूक आहे, 'मंडळी आली' असं म्हणा, अशी मोहीमही चालवून पाहिली. तेव्हा मंडळी स्वतः त्यांच्या टेबलापाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, आली म्हटलं तर आमची बायको आली असं वाटेल. ती आली तर तुमचं-माझं दोघांचं अवघड होईल. आले राहू द्या."

हे नाव पडलं गोलंदाजीवरून.

गावातल्या कचेऱ्या, कारखाने आणि इस्पितळं यांची दरवर्षी क्रिकेटची स्पर्धा व्हायची. आमच्या संघाचे कप्तान होते खरेदी विभागाचे साहेब. ते कप्तान होते कारण सगळं सामान त्यांच्या गाडीतून यायचं. मी संघात होतो कारण ते सामान गाडीतून उतरवायला कोणीतरी लागायचं. मंडळींचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, यष्टिरक्षक होता. तो पात्यांना रंग मारायच्या खात्यात होता. रंगाच्या वासाने त्याचं नाक कायमचं चोंदलेलं, त्यामुळे यष्टींमागे तो तोंड उघडं ठेवून बसायचा, आणि फलंदाजाला वाटायचं की हा आपल्याला खाणार.

मंडळी मात्र संघात नव्हते. ते संघाच्या समोर होते. सरावाच्या जाळीत.

त्याचं असं झालं की या माणसाला कोणाचीही गोलंदाजी हुबेहूब टाकता यायची. शनिवारी सामना टपाल खात्याशी असला की आठवडाभर आमचे फलंदाज जाळीत पोस्टमास्तरांना खेळायचे. पोस्टमास्तर म्हणजे मंडळी. इस्पितळाशी सामना असला की दंतवैद्यांना खेळायचे. दंतवैद्य म्हणजेही मंडळी. एकाच अंगात इतके लोक राहतात म्हटल्यावर आणखी काय म्हणणार?

आता हे लोक कसे होते ते सांगितलं पाहिजे. पोस्टमास्तरांची ऑफस्पिन. चेंडू असा सोडायचे, जसं दाराखालून पत्र सरकवतायत. घाई नाही, आवाज नाही. फलंदाज उचलायला वाकतो तोवर तो टप्पा पडून आत वळलेला. दूध डेअरीच्या गोदामातला एक पहिलवान वेगवान टाकायचा. तो सीमारेषेच्या पलीकडून निघायचा, वाटेतल्या क्षेत्ररक्षकांना बाजूला व्हायला लावायचा आणि चेंडू सोडताना 'हुप्' असा आवाज काढायचा. त्या गोलंदाजीत विचार असा नव्हताच, नुसता राग. वीज कंपनीचा मीटर वाचणारा मध्यमगती टाकायचा, आणि दर महिन्याला त्याच दारात उभं राहावं तसा त्याचा चेंडू त्याच जागी पडायचा. शिवणीवर पडून केसभर इकडे, नाहीतर केसभर तिकडे. त्याला फलंदाज बाद व्हायचे ते कंटाळून. आणि दंतवैद्य! मनगटातून लेगस्पिन. चेहऱ्यावर कायम 'काही होणार नाही, आ करा' असं हसू. बाहेर जाणारे दोन चेंडू टाकायचे, तिसऱ्याला त्याच हाताने, त्याच हसण्याने गुगली, म्हणजे आत येणारा. मग फलंदाजाचं तोंड उघडं राहायचं, जे त्यांच्या धंद्याला सोयीचंच होतं.

"हात बघून काही कळत नाही हो," मंडळी मला सांगायचे. "माणूस बघायचा. तो जसा जगतो तसाच टाकतो."

आणि ते खरंच बघायला जायचे. पोस्टमास्तरांसाठी ते तिकिटं घ्यायच्या निमित्ताने टपाल कचेरीत तासन्‌तास उभे राहिले. दंतवैद्यांची गुगली समजावी म्हणून या माणसाने आपली एक धडधाकट दाढ काढून घेतली. परत आले तेव्हा गाल सुजलेला, पण डोळे चमकत होते. "कळ्ळं!" शब्द नीट फुटत नव्हता. "सुई टोचायच्या आधी ते हवेपाण्याचं विचारतात. गुगलीच्या आधी खांदा सैल सोडतात. एकच गोष्ट आहे!"

त्या शनिवारी आम्ही दंतवैद्यांना असं झोडपलं की त्यांनी सोमवारी दवाखाना उघडला नाही. मंडळी सीमारेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसले होते.

जाळीत त्यांची एक पद्धत होती. चेंडू टाकण्याआधी कोणाचा आहे ते ओरडून सांगायचे. "पोस्टमास्तर!" मग चेंडू. "मीटरवाला!" मग चेंडू. आमच्या फलंदाजांना त्याची इतकी सवय झाली होती की एकदा मंडळी सांगायचं विसरले, तर आमचा सलामीचा फलंदाज बॅट काखेत मारून बाजूला झाला. "कोण आहे? आधी कोण आहे ते सांगा!" दारावर अनोळखी टकटक झाली की बायामाणसं आतून विचारतात ना, अगदी तसं.

मेहुणाही त्याला सोकावला होता. नाव ऐकायचं आणि त्याप्रमाणे डावीकडे-उजवीकडे सरकायचं. चेंडूकडे बघायची गरजच उरली नव्हती.

मंडळींचं रोजचं काम तोल विभागात होतं. तीन पाती एकसारख्या वजनाची निवडायची, पंख्याला लावायची, फिरवायची आणि पंखा डगमगतो का ते पाहायचं. दिवसभर पंखे फिरवायचे आणि संध्याकाळी चेंडू. एका दुपारी डबा खाताना ते मला म्हणाले, "मला एकदा सामन्यात टाकायचंय. माझा स्वतःचा चेंडू."

"स्वतःचा म्हणजे कसा?"

"तिथंच तर गाडं अडलंय," ते म्हणाले. "मला तो माहीत नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "मी करून पाहिलं. डोळे मिटले, कोणालाच डोळ्यांपुढे आणलं नाही आणि पळत सुटलो. पावलं पडली पोस्टमास्तरांची. मनगट फिरलं दंतवैद्यांचं. चेंडू पडला मीटरवाल्याच्या जागेवर. आणि तोंडातून काय निघालं असेल? हुप्!"

कप्तानांकडे त्यांनी अनेकदा शब्द टाकला होता. कप्तान खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "मंडळी, तुम्ही आमचं गुप्त शस्त्र आहात." ते इतकं गुप्त होतं की अकराजणांच्या यादीत कधी उघड झालंच नाही.

मी एका रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत वहिनी शर्टांच्या कॉलरना इस्त्री करत होत्या, मेहुणा तोंड उघडं टाकून कोचावर पसरला होता आणि मंडळी खिडकीशी उभे होते. एकाएकी वळून त्यांनी बायकोला विचारलं, "अगं, मी कसा माणूस आहे?"

वहिनींनी इस्त्री उभी केली. "दूध आणलंत का?"

"ते राहू दे. मी कसा माणूस आहे, सांग ना."

"दूध न आणणारा."

"दाजी, ताईला असलं काही विचारू नका," मेहुणा कोचावरून म्हणाला. "ती खरं सांगते."

"सांगते की," वहिनी म्हणाल्या. "माझं लग्न एका माणसाशी झालंय की मंडळींशी, हेच मला अजून कळलेलं नाही. दिवसभर घरात कोण ना कोण चालत असतं. काल आंघोळीला पोस्टमास्तर गेले आणि बाहेर आले ते दंतवैद्य."

"थट्टा नको. माझं म्हणून काहीतरी असेल ना?"

वहिनींनी कॉलरवर पाणी शिंपडलं. वाफ उठली. मग म्हणाल्या, "एक आहे. तुम्ही घरातून कधी सरळ बाहेर जात नाही. चप्पल घालता, येतो म्हणता, दाराबाहेर पडता, आणि जिन्यापर्यंत जाऊन परत येता. काहीतरी विसरलेलं असतं. रोज. लग्न झाल्यापासून मी दार लावतच नाही. तुम्ही परत आलात की मग लावते."

मेहुणा खो खो हसला. मंडळी मात्र खिडकीपासून निघाले. मग चप्पल घातली, "दूध आणतो" म्हणाले आणि बाहेर पडले. जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

"पिशवी," ते म्हणाले. आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, पिशवीत काहीतरी आहे.

त्यानंतर कित्येक महिने जेवणाच्या सुट्टीत मंडळी पॅकिंगच्या शेडमागे एकटेच भिंतीवर चेंडू टाकत बसले. मी खोके मोजायच्या निमित्ताने बघायचो. सुरुवातीला हसू यायचं. पळत यायचे, मध्येच एक पाऊल अडखळायचं, मान किंचित मागे वळायची, काहीतरी राहिलंय अशी. आणि त्या अडखळण्यातूनच हात वर जायचा. चेंडू हवेत बाहेरच्या बाजूला निघायचा. अगदी निघालाच, आता काही परत येत नाही असा. मग टप्पा पडला की गर्रकन आत. पिशवी घ्यायला आल्यासारखा. तो ऑफस्पिन होता, पण पोस्टमास्तरांचा नव्हता. पोस्टमास्तरांचा चेंडू कुठे जायचं ते ठरवून निघायचा. याला वाटेत आठवायचं.

एक दिवस मी विचारलं, "हा कोणाचा?"

मंडळी नुसते लाजले. नवऱ्या मुलाला कोणी बायकोचं नाव विचारावं तसे.

त्या वर्षी आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. समोर बँकेचा संघ. आदल्या दिवशी आमच्या मुख्य गोलंदाजाने घरातलं कपाट एकट्याने सरकवलं आणि खांदा निखळवून घेतला. अकरावा माणूस मिळेना. नाइलाजाने कप्तानांनी मंडळींचं नाव लिहिलं. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा सामना बघायला आल्या. त्यांनी मंडळींच्या पँटला इस्त्री अशी कडक केली होती की क्षेत्ररक्षणाला वाकताना ती मोडेल की काय अशी भीती वाटावी.

सामना शेवटच्या षटकापर्यंत आला. बँकेला थोड्याच धावा हव्या होत्या, गडी एकच उरला होता, आणि समोर त्यांचा कॅशियर खेळत होता. सगळ्या स्पर्धेत त्याच्याइतका शांत फलंदाज नव्हता. नोटा मोजाव्यात तसा चेंडू बोटांच्या टोकांवर घेऊन बघतोय असं वाटायचं. आमच्या बाकीच्या गोलंदाजांची षटकं संपली होती. कप्तानांनी चेंडू मंडळींच्या हातात दिला.

"दंतवैद्य टाका," ते म्हणाले. "बँकेची आणि इस्पितळाची या वर्षी गाठच पडलेली नाही. याने ती गुगली बघितलेली नाही."

"साहेब," मंडळी म्हणाले, "मी माझा टाकतो."

"तुमचा कोणता?"

"माझा."

"अहो मंडळी, ही काय प्रयोग करायची वेळ आहे?"

"एकच. एकच टाकू द्या."

कप्तान हात झटकून आपल्या जागी गेले. मागून मेहुणा ओरडला, "दाजी, कोणाचा आहे?" मंडळींनी तोंड उघडलं, पण सांगायला नावच नव्हतं. ते वळले, आपल्या खुणेपाशी गेले आणि निघाले.

अडखळले. मान मागे गेली. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "काय विसरलं हो?" आणि सगळं मैदान हसलं. हात वर गेला. चेंडू बाहेरच्या बाजूला निघाला. कॅशियरने तो बाहेरच जाणार असं धरून पाऊल पुढे टाकलं, पार रेषेबाहेर, आणि बॅट फिरवली. टप्पा पडला आणि चेंडू परत आला. बॅट आणि पायाच्या मधून, बेल्सच्या वरून, बोटभर वरून.

कॅशियर मैदानाच्या मध्यात उभा. मागे यष्टी उघड्या. चेंडू हातात घेऊन नुसत्या बेल्स उडवायच्या, की करंडक आमचा. पण मेहुणा बाहेरच्या बाजूला, दंतवैद्यांच्या जागी वाकून बसला होता. चेंडू त्याच्या डाव्या कानाशेजारून गेला आणि सीमारेषेला लागला. चार बाय. बँकेला आता दोनच धावा हव्या होत्या.

"सांगायचं नाहीत का कोणाचा ते?" मेहुणा हातमोजे आपटून ओरडला. "मला काय माहीत कुठं उभं राहायचं!"

आणि मग जे सुरू झालं ते मला अजून आठवतं. प्रेक्षकांत, आमच्याच लोकांत, चर्चा. 'कोणाची नक्कल होती?' 'पोस्टमास्तरांची.' 'छे, ते असे लचकत नाहीत.' 'त्या डेअरीवाल्याची असेल, पाय मुरगळल्यानंतरची.' 'कोणाची का असेना, जमली नाही आज.' हिशेब खात्यातले व्याकरणप्रेमी गृहस्थ माझ्याशेजारी क्षेत्ररक्षण करत होते. ते हळहळून म्हणाले, "मंडळींची नक्कल फसलेली पहिल्यांदाच पाहिली."

कप्तान धावत आले. त्यांचा आवाज गोड होता, तिथेच तर घात झाला. "झालं ना समाधान? आता शहाण्यासारखे दंतवैद्य टाका."

मंडळींनी वहिनींकडे पाहिलं. एकट्या वहिनीच हसत नव्हत्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी तो चेंडू ओळखला होता, याबद्दल मला शंका नाही. इतकी वर्षं दार उघडं ठेवून त्याच्या परत येण्याची वाट बघितलेली बाई ती. पण एवढ्या गलक्यात त्या काय सांगणार, आणि कोणाला?

मंडळींनी हातातला चेंडू पुसला. मग मोठ्याने म्हणाले, "दंतवैद्य!"

मेहुणा लगेच नीट सरकून बसला. खांदा सैल सुटला, चेहऱ्यावर ते 'आ करा' हसू आलं, मनगट फिरलं. गुगली. कॅशियर त्रिफळाचीत. आम्ही जिंकलो.

असा जल्लोष आमच्या कारखान्याने पुन्हा पाहिला नाही. मंडळींना खांद्यावर घेतलं. कप्तान ओरडत होते, "काय हुबेहूब! दंतवैद्य असते तर त्यांना वाटलं असतं, मीच टाकला!" मंडळी खांद्यांवरून सगळ्यांकडे बघून हसत होते. तेही दंतवैद्यांचंच हसू होतं. उतरवून घ्यायचं विसरले असावेत.

सोमवारी दुपारी मी शेडमागे गेलो. मंडळी भिंतीसमोर उभे होते. पळत आले. पाऊल अडखळलं, पण ते अडखळणं मुद्दामचं होतं. मान वळली ती कोणीतरी हसेल का हे बघायला. चेंडू बाहेर गेला आणि बाहेरच गेला. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी चेंडू खिशात घातला आणि मला म्हणाले, "नक्कल होतेय."

"कोणाची?"

"त्या दिवशी ज्याने टाकला, त्याचीच."

संध्याकाळी जाळीत आमचा सलामीचा फलंदाज बॅट आपटत ओरडला, "चला मंडळी, उभे काय राहिलात?" आणि मंडळींनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "कोणाचा टाकू?"

पुढे बरीच वर्षं गेली. कप्तान निवृत्त झाले, करंडक गंजला, जाळी कोणीतरी काकड्यांच्या वेलासाठी नेली. मंडळींची बदली दुरुस्तीच्या खिडकीवर झाली. गिऱ्हाइकांचे बिघडलेले पंखे तिथे येतात. मी माल रवाना करण्याच्या खात्यात, शेजारच्याच टेबलावर. एका दुपारी एक पिकल्या केसांचा माणूस पंखा कवटाळून आला. खिडकीतून आत बघून म्हणाला, "तुम्ही ते... मंडळी ना?"

बँकेचा कॅशियर होता. मंडळींनी पंखा घेतला, खुंटीला टांगला आणि फिरवला. तो डगमगत होता.

"आठवतंय का," कॅशियर म्हणाला, "त्या अंतिम सामन्यात तुम्ही मला बाद केलंत? ती गुगली राहू द्या. ती दंतवैद्यांची, मी नंतर त्यांना पुष्कळ खेळलो, काही विशेष नाही. त्याच्या आधीचा चेंडू. बाहेर गेला आणि परत आला. तो कोणाचा होता हो?"

मंडळी पंख्याकडे बघत होते.

"मी सगळी मैदानं पालथी घातली," कॅशियर सांगत होता. "जो भेटेल त्याला विचारलं. असा टाकणारा मला कुठं दिसला नाही. आता बँकेची पोरं मीच तयार करतो. ते गृहस्थ मिळाले तर त्यांना शिकवायला बोलवीन म्हणतो. गाडी पाठवू, मान देऊ. तुम्ही त्यांना बघितलं असणार, त्याशिवाय का एवढा हुबेहूब टाकलात? कोण ते?"

मी खुर्चीतून अर्धा उठलो. मंडळींनी माझ्याकडे बघितलं आणि मी बसलो.

"होता एक," मंडळी म्हणाले. "फार खेळला नाही."

"आता कुठे असतात?"

"कोणाला माहीत."

कॅशियर हिरमुसला. मंडळींनी पंखा थांबवला, तिसऱ्या पात्यावरून अंगठा फिरवला. "हे वाकलंय. बदलावं लागेल. याचं मूळचं आता मिळत नाही."

"मग हो?"

"दुसऱ्या एखाद्या पंख्याचं बसवतो," मंडळी म्हणाले. "फिरताना कोणाला कळत नाही."